बिनस्क्रूची डबी

मुलांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढी एक काळी प्लास्टिकची डबी डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला भिंतीच्या सॉकेटमध्ये जाणाऱ्या दोन पितळी पिना, दुसऱ्या अंगाने निघालेली वायर. घरोघरी असते ती. अडॅप्टर म्हणतात तिला. भिंतीतली वीज पिनांमधून आत शिरते आणि उघड्या तांब्यावरून पळते. त्या तांब्याच्या आणि आपल्या बोटांच्या मध्ये काय असतं? दोन मिलिमीटर प्लास्टिक. बस्स. आता झाकण घट्ट धरून ठेवणारे दोन स्क्रू मनातल्या मनात काढून टाका. काढलेत? मग चला ठकीच्या काकांच्या कारखान्यात. तिथे सकाळपासून ह्याच दोन स्क्रूंवरून दोन भाऊ एकमेकांवर गुरगुरत होते.

धाकटे म्हणजे ठकीचे बाबा. डबीचा आराखडा त्यांचा. थोरले म्हणजे मोठे काका. कारखाना त्यांचा. बाबांना न विचारताच काकांनी साच्यातल्या स्क्रूच्या जागा बुजवून घेतल्या होत्या आणि झाकणाला नुसता खटका ठेवला होता. दाबलं की टक् करून बसतं. माणूस कमी, वेळ कमी.

"दादा, एकटा खटका धरणार नाही," बाबा म्हणाले. "लहान मुलांच्या दिव्याला लागणार आहे ही."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा! स्वस्तातली डबी कर म्हटलं, तर तू किल्ला बांधून ठेवलास." काकांनी आवाज खाली आणला, तसा तो जास्तच बोचरा झाला. "नीट ऐक. आज डबी बघायला येणाऱ्या त्या बाईंपुढे तोंड उघडलंस, ऑर्डर गेली, तर उद्या ह्या दारात पाऊल टाकू नकोस. नकाशे काढणारे पैशाला पासरी मिळतात."

बाबांनी हात पाठीमागे बांधले. आज शाळा अर्ध्या दिवसाची होती, म्हणून नऊ वर्षांची ठकी कोपऱ्यातल्या खोक्यावर वही घेऊन बसली होती. पेन्सिल वहीत होती, कान टेबलापाशी.

बाई आल्या. मुलांचे अभ्यासाचे दिवे विकणाऱ्या कंपनीतून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. बसासुद्धा कोणी म्हणायच्या आत त्यांनी एक डबी उचलली आणि टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकली. पुन्हा टाकली. वायर हिसडली. झाकणाच्या फटीत नख घालून पाहिलं. झाकण हललं नाही.

"बघा, पोलादासारखी आहे," काका म्हणाले.

बाईंनी बाबांकडे मान वळवली. "आराखडा तुमचा ना? तुमच्या घरात लावाल ही?"

मशीन गरम प्लास्टिकचा वास सोडत फुसफुसत होतं. काका भावाकडे टक लावून बघत होते.

"लावीन," बाबा म्हणाले.

ठकीने मान वर केली.

"ये गं," बाई तिला म्हणाल्या. "मुलांनीच वापरायची आहे. तू उघडून बघ."

काका हसले. "अहो, ती एवढीशी पोर! तिला दप्तर उघडत नाही."

ठकीने अंगठे लावले. नखं लावली. डबी पोटाशी धरून जोर केला, तेव्हा कान लाल झाले. झाकण जागच्या जागी. बाईंनी मान डोलावली आणि सही करायला पेनाचं टोपण काढलं. काकांनी ठकीपुढे हात पसरला. "शाब्बास. दे इकडे, आणि बस जाऊन."

ठकीने डबी दिली नाही.

"बाई, दात चालतील?"

पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

"दात?" काका ओरडले. "ही काय पेपरमिंटची गोळी आहे?"

"आमचा धाकटा हाताला लागेल ते तोंडात घालतो," ठकी म्हणाली. "रिमोटसुद्धा. मागचं झाकण त्याने दोनदा काढलंय."

"आगाऊ कार्टी! अगदी बापावर गेलीय." काका बाबांकडे वळले. "गप्प का उभा आहेस? सांग तिला!"

"ठके, ठेव ती डबी," बाबा म्हणाले.

"चालतील," बाई म्हणाल्या.

आता ठकी काही कुक्कुलं बाळ नव्हती. झाकण निघालं तर बाबांचं काम जाणार, आणि नाही निघालं तर ही डबी हजार घरांत जाणार, हे तिला तुमच्याआमच्याइतकंच कळत होतं. तिने काकांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

मग ठकीने काय केलं? झाकणाची फट दाढेखाली धरली, डोळे मिटले आणि चावली. टक् झालं. आतला तांब्याचा वेढा बाईंच्या समोर उघडा पडला. ठकीने उरलेली डबी टेबलावर ठेवली आणि थुंकीने ओलं झालेलं झाकण फ्रॉकला नीट पुसून कोरडं केलं. बाबांचे हात पाठीमागे होते. त्यातला एक तिने ओढून पुढे आणला, मूठ उघडली आणि तळहातावर ते झाकण ठेवलं.