भिंतीतले पांढरे ठिपके

खिळा ठोकण्याआधी भिंत वाचून घ्यायची, हा वसाहतीतला रिवाजच झाला होता. शहराच्या मैल्याची राख सिमेंटात मिसळू लागल्यापासून कोणाच्या भिंतीत कोण निघेल, सांगता येत नसे. प्रत्येक रोग्याच्या गोळीत त्याच्या नावाच्या खुणेचे कण असत आणि ते भट्टीतही जळत नसत. आपलं माणूस निघालं, तर तिथे कुंकवाचं बोट लावायचं.

हेमलताबाईंना नव्या घरात नवऱ्याचा फोटो लावायचा होता. इलेक्ट्रिशियन गफारने भिंतीवरून यंत्र फिरवलं आणि तो थबकला.

"काकी, इथे दिगंबरकाकाच आहेत."

बाईंचे डोळे भरून आले. त्या लगबगीने कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"शेवटी घरी आले बघ. रोज सकाळी माझ्या हातानं गोळी द्यायचे मी त्यांना. तरी गेलेच."

गफारने यंत्राचा पडदा बाईंकडे वळवला. पोटातून गेलेले कण निळे दिसतात, न गेलेले पांढरेच राहतात, हे बाईंनाही ठाऊक होतं. यंत्राच्या पडद्यावर सगळे ठिपके पांढरे होते.

"यंत्र बिघडलंय का रे?"

"नाही, काकी."

गोळी तोंडात टाकली की दिगंबरराव लगेच उठायचे. "चूळ भरून येतो," म्हणायचे आणि संडासाचं दार लावून घ्यायचे.

वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश ओढला. भिंतीतून पाणी खळखळत खाली गेलं. बाईंचं कुंकवाचं बोट भिंतीपाशी पोचलं होतं, ते तिथेच थांबलं.