तिसरी कॉट

साद आणि त्याची बायको आयेशा यांनी दोन वर्षं पैसे साठवले. पॅरिस काही आवाक्यात येईना, म्हणून त्यांनी स्लोव्हेनियाची चिमुकली राजधानी ल्युब्लियाना गाठली. आठवडाभर दोघं पायीच हिंडली, नदीकाठच्या बाकावर बसून दुकानातला पाव आणि चीज खाल्लं. हॉस्टेलात स्वस्तात मिळालेल्या खोलीत तीन कॉट होत्या. तिसरीवर ती दोघं जॅकेटं टाकायची, आणि दर वेळी सादला अब्बा आठवायचे. निघण्याआधी अब्बांनी एकदाच विचारलं होतं, "तिकडं थंडी लई असती काय रं?" साद नुसता "व्हय" म्हणाला होता. तुम्हीही चला, एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

कोल्हापूरला परतल्यावर अब्बांनी सगळे फोटो कौतुकानं दोनदा पाहिले. दुसऱ्या दिवशी साद चॉकलेटं घेऊन शिवाजी पेठेत गणपतीकाकांच्या सायकल दुकानात गेला. काका म्हणजे अब्बांचे चाळीस वर्षांचे दोस्त, त्यांना नुसतं 'अमीन' म्हणणारे. बापाला का न्हेलं न्हाईस, असं ते विचारणारच, म्हणून त्यानं व्हिसाचं एक कारण वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

काकांनी ग्रीसचे हात पुसून चॉकलेट घेतलं आणि सादचा उतरलेला चेहरा बघून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नगंस. अमीननं समदं सांगितलंय मला."

मग म्हणाले, "तू चला चला म्हणून लई मागं लागलतास, पर गुडघ्यापायी त्योच न्हाय म्हणाला."