मागची सीट

"मावशी, पदर नीट खोचून घ्या. चाकात गेला तर लई वाईट," गाडीवाला नवाब म्हणाला.

झालं! वच्छलाबाईच्या नवऱ्याला, रामकिसनला, तेवढंच पाहिजे होतं. दुबईच्या वाळूत, सगळ्या सहलीसमोर, मांडीवर थाप मारून त्यानं सुरू केलं, "तिला काय सांगतोस बाबा! आमची राजदूत फटफटी होती. सोयगावच्या घाटातून एका लग्नाला निघालतो. हिचा पदर अडकला चाकात, ही पडली मागं, अन् मला पत्ताच नाय! वर माथ्यावर गेलो तवा कळलं, गाठोडं पडलंय म्हणून!"

माणसं हसली. छत्रपती संभाजीनगरहून निघाल्यापासून ही गोष्ट त्यांनी तिसऱ्यांदा ऐकली होती, तरी हसली. कुणीतरी विचारलं, "वहिनींनी हाका नाय मारल्या काय?"

"मारल्या म्हणती. मला तर एकबी ऐकू आली नाय. वारं कसलं होतं!"

वच्छलाबाईनं पदर कमरेला करकचून आवळला. पोटात चार महिन्यांचं होतं आणि ते त्या घाटातच गेलं, हे तो गोष्टीत कधीच सांगत नसे. चौतीस वर्षं झाली. बारशात सांगितली, हळदीत सांगितली, नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितली. जळलं मेलं ते तोंड! पडल्याचं तिनं कधीच गिळलं होतं. एकच गोष्ट गिळता येत नव्हती. पदर ओढला जाताना तिनं तीन हाका मारल्या होत्या, चांगल्या बेंबीच्या देठापासून. ह्या माणसाला खरंच एकही ऐकू आली नव्हती?

नवाब दौलताबादचा. इथं वाळवंटात शर्यतीच्या गाड्या चालवायचा. गावाकडची माणसं भेटली म्हणून त्यानं आपण होऊन दोघांना चक्कर देऊ केली होती, आणि ती खऱ्या शर्यतीच्या गाडीतून. तिला ना दार, ना काच. नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा, पुढं दोन सीटा, मागं एक.

रामकिसन सवयीनं पुढं बसायला निघाला. नवाबनं हात आडवा घातला.

"काका, तुम्ही मागं. मागं लई आदळतं, मावशीची कंबर जाईल. अन् एक ध्यानात ठेवा. इंजिनच्या आवाजात मागच्याची हाक मला ऐकू येत नाय. थांबायचं असलं तर पुढं बसणाऱ्यानं हात वर करायचा. मैं वहींच रोकता."

"हात वर करणारे आम्ही नाय," रामकिसन म्हणाला आणि हेल्मेट घालून ऐटीत मागं बसला.

गाडी सुटली. पहिल्या टेकाडावरून ती चारी चाकांनिशी उडाली. वच्छलाबाईनं डोळे मिटून समोरची दांडी धरली. दुसऱ्या टेकाडावरून खाली आदळली तेव्हा थेट तिच्या कानामागून हाक आली.

"वच्छे! थांबव!"

तिचा उजवा हात आपसूक दांडीवरून सुटला. छातीपर्यंत वर आलादेखील. मग तिनं तो खाली नेला आणि मांडीखाली कोंबला.

"अगं ए! सांग त्याला! मरतोय मी!"

तिनं हात आणखी दाबून धरला. पुढच्या हाकेत शब्दच नव्हते, नुसता हंबरडा होता. नवाबनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिनं हसून डाव्या हातानं समोर बोट दाखवलं, सगळ्यात उंच टेकाडाकडं. बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटत होतं.

गाडी परत तंबूपाशी थांबली. रामकिसन उतरला तो गुडघ्यांवरच. हेल्मेट फेकून त्यानं सकाळचा सगळा नाश्ता वाळूत ओकला. नवाब पाणी आणायला पळाला. सहलीतली माणसं हसत पुढं आली, त्याचं तोंड बघून लांबच थांबली.

"किती हाका मारल्या तुला!" तो चिरक्या आवाजात ओरडला. "बहिरी झालीस काय?"

"नाय. ऐकू आल्या की," वच्छलाबाई म्हणाली. "सगळ्या आल्या."

तो वाळूत हात टेकून उठला, तशी ती त्याच्या समोर आली.

"मी माझं खरं सांगितलं. आता तुमचं सांगा. त्या दिवशी माझ्या हाका तुम्हाला ऐकू आल्त्या का नाय?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. ती जागची हलली नाही. शेवटी तो वाळूकडं बघत बोलला.

"लग्न लागायची वेळ झालती गं. अन् गाडी चढावर होती. थांबवली असती तर बंद पडली असती."

वच्छलाबाईनं खाली पडलेलं हेल्मेट उचललं, आतली वाळू झटकली, ते त्याच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा आपल्या हातानं आवळला.

"नवाब, बाळा," तिनं हाक मारली, "ह्यांना आणखी एक चक्कर पाहिजे."