रॉकेल आणायला गेलेला माणूस

सगळं वाचनालय हसत होतं. मागच्या रांगेतला भिवा तेवढा हसला नाही.

अंबडला त्या दिवशी प्रीतीच्या कथासंग्रहावर वाचकांची चर्चा होती. प्रीती अंकुशनगरला शिक्षिका होती आणि हे तिचं पहिलंच पुस्तक. गोष्टी एकेक विचित्र, पण सांगितलेल्या अशा की तलाठ्यानं पंचनामा लिहावा. एकीत मास्तरच्या सावलीची भोकरदनला बदली होते आणि मास्तर मात्र अंबडलाच राहतो. ती वाचून दाखवली तेव्हा माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

भिवा शहागडहून सकाळच्या एसटीनं आला होता. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात तो काम करायचा. हे पुस्तक त्यानं चार वेळा वाचलं होतं, आणि आज येताना इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मग ‘रॉकेल’ या गोष्टीचा विषय निघाला. त्यात बाप रेशनचं रॉकेल आणायला जातो आणि बावीस वर्षांनी भरलेला डबा घेऊन परत येतो. बायको म्हणते, ‘उशीर केला. आता गॅस आलाय.’ गोष्ट तिथंच संपते.

"मला ही बिलकुल पटली न्हाई," रिटायर झालेले भुजंगराव उठून म्हणाले. "भांडण न्हाई, दारू न्हाई. घर सोडायला माणसाला काही कारण लागतं का न्हाई? अन् बावीस वर्षं काय रांगेतच उभा होता?"

पुन्हा हशा झाला.

"शहागडहून एक पत्र याच गोष्टीवर आलंय," सूत्रसंचालन करणाऱ्या दैवशालाबाई म्हणाल्या. "खाली नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. ते आलेत का?"

भिवानं हात वर केला आणि तो उभा राहिला.

"कारण लागत न्हाई साहेब," तो भुजंगरावांना म्हणाला. "मी तीस वर्षं ट्रकवर होतो. अशे लई पाह्यले. माणूस घरातून निघतो. हायवेवर गाडी उभी असती. डायवर म्हन्तो, चल. दोन रोजात वापस येऊ म्हनून हा बसतो. दोनाचे आठ होतात. मंग तोंड दाखवायची लाज वाटती. जेवढा उशीर, तेवढी लाज वाढत जाती."

आता कुणी हसलं नाही. प्रीतीनं हातातला पेन खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एकच इचारायचंय, बाई," भिवा म्हणाला. "गॅस आलाय म्हनली ती. बराबर हाय तिचं. पन मंग त्याला घरात घेतलं का न्हाई?"

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

"घेतलं असंल. न्हाईतर निदान पानी तरी दिलं असंल."

प्रीतीनं माइक जवळ ओढला.

"ही गोष्ट आमच्या घरची आहे," ती म्हणाली. "मी चार वर्षांची होते. वडील डबा घेऊन गेले, ते गेलेच. वापस आल्याचं तेवढं मी मनानं लिहिलं. आईनं शेवटपर्यंत दाराला कडी लावली न्हाई. मागच्या वर्षी ती गेली. पाहुण्यारावळ्यांत निरोप धाडले, पेपरात फोटो दिला. जिवंत असते तर निदान मातीला आले असते. आले न्हाईत. तेव्हाच आम्ही समजलो, तेही वारले."

भिवानं पुढची खुर्ची घट्ट धरली. मग तो हळूच खाली बसला.

"आईंचं नाव बेबीनंदा ना?" दैवशालाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं. प्रीतीनं मान डोलावली. "आणि वडिलांचं?"

प्रीतीनं त्यांच्या कानात नाव सांगितलं.

"कालकथित बेबीनंदा आणि कालकथित भिवा," दैवशालाबाई माइकवर म्हणाल्या, "या दोघांना आदरांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

खुर्च्या सरकल्या. शेजारच्या माणसानं कोपरानं ढोसलं, "उठा ना, बाबा."

भिवा उठला, हात जोडले आणि सगळ्यांबरोबर त्यानंही मान खाली घातली.