चार सळयांचं पाणी

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या गावानं पहिला अर्ज पाण्यासाठी केला. चार वर्षांनी, ऐन दुष्काळात, भूजल खात्याची जीप आली. साहेबांनी माळावर चार सळया ठोकल्या, वायरी जोडल्या आणि सरपंच गुरुपादप्पांना समजावलं, "जमिनीत करंट सोडायचा. पाणी किती खोल आहे, ते या यंत्रावर कळतं."

काटा हलेना.

"जमीन फार कोरडी आहे, करंट धरत नाही. सळयांच्या बुडाशी ओतायला चार घागरी पाणी द्या."

टँकर सोमवारशिवाय येणार नव्हता. शेवटी रत्नम्मा घरातली अर्धी घागर घेऊन आली आणि पहिल्या सळीपाशी तिनं ती रिकामी केली. काटा हलला नाही.

"अजून लागंल?" तिनं विचारलं.

"बाकीच्या तीन सळयांनाही."

"मग न्हाई जमायचं, साहेब. लेकरं हायेत घरात."

साहेब माणूस बरा होता. त्यांनी स्वतःची वॉटरबॅग दुसऱ्या सळीवर ओतली, थोडा वेळ काट्याकडं बघितलं आणि सळया उपटून जीपमध्ये टाकल्या.

महिन्यानं लातूरहून कागद आला. गुरुपादप्पांनी तो चावडीवर मोठ्यानं वाचला.



"गावात पाणी नसल्याने पाण्याचा शोध घेता आला नाही. पाण्याची सोय झाल्यावर पुन्हा अर्ज करावा."