सोमवारचा वाचक

मॅडमनी पुस्तक उलटं केलं, मागच्या पुठ्ठ्याला आतून डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अठ्ठावन्न?"

ग्रंथपालानं टेबलावरचा शिक्का हळूच खणात सरकवला. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. खाली पोहण्याचा तलाव, शेजारी बॅडमिंटनचा हॉल आणि वर ग्रंथालय, असं हे जुनं केंद्र पुढच्या महिन्यात पाडणार होते. त्या जागी बारा मजली इमारत उठणार होती. तळाला नवा तलाव, पहिल्या मजल्यावर ग्रंथालय, त्याच्या वर घरंच घरं. नवं ग्रंथालय चकचकीत होतं, पण जुन्याच्या निम्म्याएवढं. म्हणून नियम निघाला : पाच वर्षांत ज्याला पाच वाचक मिळाले नाहीत, ते पुस्तक रद्दीत. मॅडम प्रकल्पाच्या कार्यालयातून त्याच तपासणीला आल्या होत्या.

त्यांच्या हातातलं पुस्तक होतं 'आपल्या नळाला पाणी कुठून येतं'. त्याचे लेखक खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते, आणि अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं. पाणीखात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअरकाका. उभा जन्म पाइप टाकण्यात गेला आणि पुढची सहा वर्षं ते कसे टाकले हे लिहिण्यात. केंद्रामागचं त्यांचं घरही पडणार होतं. बदल्यात नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर जागा मिळणार होती. भेटेल त्याला ते सांगत, "मी नवव्यावर, माझं पुस्तक पहिल्यावर. दोघांचा पत्ता एकच!" चाळीस वर्षांचं घर सोडायचं दुःख त्यांनी एवढ्या एका वाक्यावर निभावून नेलं होतं.

आता हे अठ्ठावन्न वाचक. पुस्तक आलं तेव्हा काका रोज कोणाला न दिसेल असं ते कपाटातून काढून मागची चिठ्ठी बघायचे. चिठ्ठी कोरीच. एक दिवस ते वर्तमानपत्र न वाचताच घरी गेले. ग्रंथपालाला ते बघवेना. त्यानं चिठ्ठीवर एक शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी काका शीळ घालत जिना उतरले. मग काय, दर महिन्याला एक शिक्का. त्या नादात आकडा गुप्तहेर कादंबऱ्यांच्याही पुढे गेला, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. एकदा त्यानं पुस्तक वाचायलाही घेतलं होतं. नवव्या पानावर पाइपांचे व्यास सुरू झाले आणि त्यानं हात टेकले.

"लोकप्रिय दिसतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट चिठ्ठीवरून खाली सरकत होतं. इथल्या शिक्क्यात तारखेशेजारी वारही उमटायचा. "सोमवार. सोमवार. हाही सोमवार." मग त्यांनी मान वर करून ग्रंथपालाच्या डोक्यावरची पाटी वाचली. "सोमवारी ग्रंथालय बंद."

ग्रंथपालानं पाटीकडे बघायचं टाळलं. माणूस पडला प्रामाणिक. शिक्क्याची चाकं फिरवून खोटी तारीख घालणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मारला त्या दिवसाचाच शिक्का. आणि निवांत मारायला मिळायचा तो सुट्टीच्या दिवशी, एकटाच पुस्तकं लावायला यायचा तेव्हा. आता पुस्तक तर जाणारच होतं, वर त्याची नोकरीही.

"मीच नेतो ते," खिडकीकडून आवाज आला.

काका उठून उभे राहिले होते. कान लाल झाले होते. "सोमवारी गर्दी नसते. हे माझ्यासाठी मुद्दाम दार उघडतात."

"अठ्ठावन्न वेळा? तुमचं स्वतःचं पुस्तक?"

"दुसरं कोणी नेत नाही हो, मॅडम," काका म्हणाले.

आल्या-गेल्याला वाचकांचा आकडा ऐकवणारे काका हे चारचौघांत बोलले होते. मॅडमनी नियमाचा कागद काढून दोनदा वाचला. "वाचक पाहिजे म्हटलंय. लेखक नको, असं कुठं म्हटलेलं नाही," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी बरोबरची खूण केली आणि त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या.

ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडला, पण त्याला मान वर करवेना. तो काकांजवळ गेला. "काका, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या शिक्क्यापासून. बांधणाऱ्यानं डिंक जास्त लावला, या प्रतीची शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलीत. चिठ्ठीच्या अगदी समोरची. म्हटलं, जो वाचेल तो येऊन सांगेल. अठ्ठावन्न वाचक झाले, एकानंही तक्रार केली नाही."

"मग बोलला का नाहीत मला?"

"तू इतक्या मायेनं मारायचास रे. तुझा हिरमोड कशाला करायचा?" काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "पट्टीनं सोडव ती पानं. हळूच. फाटतील."

काका जिना उतरून गेले. ग्रंथपालानं टेबलावरची लोखंडी पट्टी दोन पानांमध्ये घातली आणि जपून सरकवत नेली. पानं सुटी झाली. वर 'ऋणनिर्देश' असा मथळा होता. खाली पाणीखात्यातले सहकारी होते, नकाशे काढून देणारा भाचा होता, आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी होत्या : 'आमच्या ग्रंथपालांचे आभार कसे मानू? दुसऱ्या कोणी हे पुस्तक उघडलं नाही, तरी ते मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचतील, याची मला खात्री आहे.'