लाल ओळी

बोदलकसा तलावाजवळच्या एका मच्छीमार संस्थेतला कम्प्युटर दुपार झाली की बंद पडायचा. दुरुस्तीला गोंदियाहून आलेला अश्विन उन्हानं पार गळून गेला होता. त्यानं रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरानं पुसल्या, शेवटी नव्याच बसवल्या. तरी मेमरीची तपासणी लावली की स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी येतच होत्या.

मग त्याच्या ध्यानात आलं. संस्थेतल्या कारकून रचनाताई पाणी प्यायला बाहेर गेल्या की ओळी थांबतात आणि बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या की सुरू होतात.

"अंगातला स्टॅटिक करंट असन, ताई. आधी लोखंडाले हात लावत जा," तो म्हणाला.

"लावला नं भाऊ. साहेब म्हणते, मशीन माह्याच हातानं बिघडते. नोकरी जाईन माही."

त्यांचा रडवेला चेहरा त्याला पाहवेना. "तुम्ही घरी जा, मी पाहतो."

त्यांच्या स्कूटीचा आवाज तलावाच्या पाळीवरून दूर गेला. आता एकही लाल ओळ येईना. अश्विननं टेबलावर डोकं टेकलं.

डोळे उघडले तेव्हा ओळी पुन्हा धावत होत्या. बाजूची खुर्ची करकरली.

"परत काऊन आल्या, ताई?" मान न वळवताच त्यानं विचारलं.

"लय थकली, भाऊ. बसू द्या जरा."

"बसा नं," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"भाऊ, रचना बोलून राहिली. आत्ताच घरी पोचली. झाला का कम्प्युटर?"

बाजूची खुर्ची हळूच अश्विनजवळ सरकली.